संदेश-सॉफ्टवेअर आणि कार्यक्रम-सॉफ्टवेअर : निवड (जालना जिल्हा)

एकच मजकूर एका वेळी अनेकांच्या मोबाइलवर पोहोचवणारी प्रणाली (बल्क एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेल) आणि मेळावा, शिबिर, परिषद यांची नावनोंदणी, पास व हजेरी सांभाळणारी प्रणाली, यांपैकी संस्थेने कोणती घ्यावी याचा विचार. कार्यक्रम-सॉफ्टवेअर आठवणीचे संदेश पाठवते आणि संदेश-सॉफ्टवेअरला नोंदणीचा अर्ज जोडता येतो, त्यामुळे विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात दोन्ही सारखीच भासतात. खरा फरक नोंद कशाची राहते यात आहे. पहिल्यात मोबाइल क्रमांकाची नोंद राहते, दुसऱ्यात आलेल्या माणसाची.

पार्श्वभूमी : १ मे १९८१ रोजी स्थापन झालेला जालना हा ८ तालुक्यांचा जिल्हा बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या धंद्याचे वर्ष दोन कामांत विभागलेले असते. खरिपापूर्वी वाणाची, पेरणीच्या अंतराची व बीजप्रक्रियेची माहिती हजारो शेतकऱ्यांना थोड्या दिवसांत द्यायची असते. हे संदेशाचे काम. पीक उभे असताना पीक पाहणी व शिवारफेरी होते. तेथे कोणत्या गावचा शेतकरी आला, त्याने काय विचारले, याची नोंद महत्त्वाची ठरते.

मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचे मासिक चर्चासत्र हे जिल्ह्यातील नियमित कार्यक्रमाचे उत्तम उदाहरण आहे. ठरावीक दिवशी भरणाऱ्या आणि सर्वांना खुल्या अशा सत्राला विषय व वक्ता कळवणारा एक संदेश पुरतो. कडवंची येथील पाणलोट विकासाचे काम पाहण्यास बाहेरगावचे गट येतात. अशा भेटींत तारखा वाटून देणे व गटाची संख्या आधी कळणे आवश्यक असते, म्हणून तेथे नोंदणीची प्रणाली उपयोगी पडते.

एसएमएसचे नियम : केंद्र शासनाचे एमकिसान पोर्टल जुलै २०१३ मध्ये सुरू झाले आणि शेतीसल्ल्याचे एसएमएस देशभर रुळले. व्यापारी संदेशांवर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार पाठवणाऱ्या संस्थेला डीएलटी या सामायिक नोंदवहीत स्वतःची, संदेशावर दिसणाऱ्या हेडरची आणि मजकुराच्या साच्याची नोंद करावी लागते. नोंदलेल्या साच्याशी न जुळणारा संदेश वाटेतच अडवला जातो. मार्च २०२१ मध्ये ही तपासणी सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीही अडकले आणि ती काही दिवस थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील वेबदुवेही आधी नोंदवावे लागतात. २०२५ पासून हेडरच्या शेवटी येणाऱ्या अक्षरावरून संदेश प्रचाराचा, सेवेचा, व्यवहाराचा की शासकीय हे ग्राहकाला कळते. नकोसे संदेश बंद करण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. कार्यक्रम-सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या एसएमएसलाही हेच नियम लागू असतात. ते घेतले म्हणून डीएलटी नोंदणी टळत नाही.

देवनागरी संदेश : साध्या रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. मजकूर त्याहून लांब झाल्यास प्रत्येक भागात अनुक्रमे १५३ व ६७ चिन्हे बसतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘घनसावंगी’ या नावात डोळ्यांना ५ अक्षरे दिसतात, मोजणीत ८ भरतात. त्यामुळे १५० चिन्हांचा मजकूर रोमनमध्ये एका संदेशाच्या दरात जातो, देवनागरीत तीन संदेशांच्या. हा खर्च वाचवण्यासाठी अनेक संस्था रोमन लिपीत मराठी लिहितात. औषधाचे प्रमाण किंवा पेरणीचे अंतर सांगणाऱ्या मजकुरात ही काटकसर अपायकारक आहे. शेतकऱ्याला सहज वाचता येईल तेच लिहिले पाहिजे. मजकूर आटोपशीर ठेवून देवनागरीतच पाठवणे हा योग्य मार्ग होय.

व्हॉट्सॲप : भागांच्या मोजणीची अडचण येथे नाही. साध्या ॲपमधील ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. गटाची मर्यादा १,०२४ आहे. गटालाच पुरेशी व्यवस्था मानावे काय, याविषयी मतभेद आहेत; मात्र गटात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो, हा दोष निर्विवाद आहे.

कार्यक्रम-सॉफ्टवेअर : नोंदणी अर्ज, शुल्क, क्यूआर पास, प्रवेशद्वारावरील हजेरी, प्रमाणपत्रे. पुण्यातील टाऊनस्क्रिप्ट ही या क्षेत्रातील परिचित कंपनी २०१७ मध्ये बुकमायशोकडे गेली.

संमती : डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होतात. मेळाव्याच्या हजेरीवहीत लिहिलेला क्रमांक पुढे विक्रीच्या संदेशांसाठी वापरायचा असेल, तर तसे त्याच वेळी विचारणे आवश्यक आहे.

निवडीचे निकष : जागा मर्यादित आहेत काय, शुल्क घ्यायचे आहे काय, हजेरीचा पुरावा लागतो काय, आणि त्याच माणसाला पुन्हा बोलवायचे आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर कार्यक्रम-सॉफ्टवेअर विचारात घ्यावे. कौशल्य प्रशिक्षण व महाविद्यालयीन परिषदा यांत ते सार्थकी लागते. नेत्रशिबिरात तपासलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख द्यायची असते, म्हणून तेथेही नोंद हवी. जालना बाजार समितीच्या रेशीम कोष बाजारासारख्या ठिकाणी दिवसाचा भाव कळवायचा असेल तर संदेशप्रणाली पुरते. राजूरच्या गणपतीची अंगारकी चतुर्थीची यात्रा किंवा जांब समर्थ येथील रामनवमी यांसारख्या मुक्त गर्दीला दोन्ही लागू पडत नाहीत.

खर्च : संदेशाचा दर संख्येवर, कार्यक्रम-सॉफ्टवेअरचा बहुधा तिकिटावर किंवा वार्षिक वर्गणीवर.

जिल्ह्यातील लहान संस्थेने प्रथम गाव व पीकवार, संमतीसह घेतलेली यादी तयार करावी, डीएलटी नोंदणी पूर्ण करावी आणि संदेशप्रणाली घ्यावी. वरील निकषांपैकी एखादा प्रत्यक्ष लागू झाल्यावरच कार्यक्रम-सॉफ्टवेअरवर पैसा खर्च करणे हितावह आहे.