‘गेला’ आणि ‘वेंट’ : सीमेवरच्या वर्गातील इंग्रजी क्रियापदे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी आम्हांस इंग्रजी शिकविली. त्यांच्या वर्गातील एका चुकीचा इतिहास आज मी सांगणार आहे. ती चूक माझीच होती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या. पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यास मिळाले. छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला आणि आमची राजधानी भोपाळ झाली. त्यामुळे पांढुर्णा व सौंसर येथील माझ्या पिढीच्या वाट्यास घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि शाळेच्या पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषा आल्या. इंग्रजी क्रियापदांची त्रिस्तंभी यादी आम्ही पाढ्यांसारखी घोकत असू. घरोघरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची एखादी जीर्ण प्रत असे. थोरल्याकडून ती धाकट्याकडे येई.

एके दिवशी गुरुजींनी मला ‘मी काल सौंसरला गेलो’ याचे इंग्रजी विचारले. नियम ताजा होता : धातूला ‘-एड’ जोडला की भूतकाळ होतो. मी धीटपणे म्हणालो, ‘आय गोड टु सौंसर.’ वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, ‘चूक गोड आहे खरी. पण मला सांग, तुझी आई “मी बाजारात जाली” असे म्हणते का?’

त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला पुढे अनेक वर्षांच्या वाचनानंतर मिळाले. ‘बस’चा ‘बसला’, ‘उठ’चा ‘उठला’, मग ‘जा’चा ‘जाला’ का नाही? कारण ‘जा’ हा संस्कृत ‘या’ धातूपासून आला, तर ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. दोन निराळे धातू एका क्रियापदाच्या संसारात नांदत आहेत. ‘हो’ आणि ‘झाला’ यांचेही तसेच. पहिला ‘भू’चा वंशज, दुसरा ‘जात’चा. इंग्रजीतही हेच घडले. ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’चे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि ‘वेंट’ने त्याची जागा घेतली. ‘केला’, ‘मेला’, ‘खाल्ला’, ‘प्याला’, ‘घातला’, ‘सांगितला’ ही रूपे आपण कधी घोकली नाहीत. पण त्यांचीही यादी करता येते.

‘सिंग, सँग, संग’ यांसारख्या रूपांत मात्र दुसरा धातू येत नाही, आतला स्वर पालटतो. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे असे प्रतिपादन केले आणि जर्मन कुळातील भाषाही त्यांच्याच नात्यातील असाव्यात असे सुचविले. पुढे याकोब ग्रिम यांनी जर्मन कुळातील अशा क्रियापदांना ‘सबल’ आणि प्रत्यय घेणाऱ्यांना ‘दुर्बल’ अशी नावे दिली. म्हणजे ज्याला आम्ही अपवाद समजत होतो, तो अधिक जुना नियम होता.

काळांच्या बाबतीत आमची अडचण निराळी होती. ‘आंबा खाल्ला, भाकर खाल्ली, केळे खाल्ले’ असे आपले क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे पालटते. इंग्रजी ‘एट’ला त्याचे काहीच सोयरसुतक नाही. उलट ‘मी काल आलो आहे’ हे मराठीत चालते, पण इंग्रजीत ‘काल’ आला की ‘हॅव कम’ चालत नाही. आणि आईने हाक मारल्यावर जागचे न हलता आपण ‘आलोच!’ म्हणतो, त्याचे भाषांतर भूतकाळात केले की इंग्रज गोंधळणारच. निरोप घेताना ‘येतो’ म्हणणाऱ्यांस काळाचे कोष्टक एकाएकी कसे पटावे?

आता मुख्य मुद्दा. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदांचा हिशेब मांडला. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित राहिली होती, आजच्या इंग्रजीत ९८. ‘हेल्प’चा जुना ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ड’ आला तो याच ओघात. कोणती रूपे टिकली? जी जिभेवर रोज येतात ती. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने नियमित होते, असे त्यांना आढळले. इंग्रजीतील सर्वाधिक वापराची दहा क्रियापदे आजही अनियमितच आहेत. मराठीतही जाणे, येणे, करणे, खाणे, घेणे अशी नित्याची क्रियापदेच नियमाबाहेर राहिली आहेत, हा योगायोग नव्हे.

जुने रूप टिकते ते रोजच्या वापराने. व्याकरणाचे पुस्तक त्याची केवळ नोंद ठेवते. सीमेवरच्या आपल्या मराठीलाही मी हेच लागू करतो. कचेरीचा आधार सुटल्यावरही ती येथे राहिली, कारण चुलीपाशी, संत्र्याच्या बागेत आणि बाजारात ती रोज बोलली गेली. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पण जिल्हा झाल्याने भाषा टिकेल, असे मी मानत नाही. ज्या घरात आजीचे ‘गेली’, ‘केले’, ‘झाले’ नातवाच्या कानावर पडत नाही, तेथे ती रूपे ‘होल्प’च्या वाटेने जातील.

मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावी. गुरुजींची तीच इच्छा होती. परंतु ‘वेंट’ शिकविताना त्यांनी मला ‘गेला’कडे वळून पाहावयास लावले. परकी भाषा शिकविताना स्वतःची भाषा दाखवून देणारा शिक्षक मला लाभला, हे ऋण फिटणारे नाही. ते मान्य करून आपली रजा घेतो. आपल्या रीतीने म्हणायचे तर, येतो.