फाहियानची नौका आणि कापलेला दोर

चिनी भिक्खू फाहियान विनयग्रंथांच्या शोधार्थ इ. स. ३९९ मध्ये चांगआनहून निघाला. त्याचे प्रवासवर्णन आपण विहारांच्या माहितीसाठी वाचतो. परंतु त्यातील परतीचा भाग व्यापारी नौकांवरील माणसांच्या सुरक्षिततेचाही पुरावा आहे.

सिंहलद्वीपाहून तो दोनशेंहून अधिक माणसांच्या नौकेने निघाला. संकटकाळासाठी तिच्यामागे लहान होडी बांधलेली होती. वादळात नौकेला गळती लागली. व्यापारी होडीकडे धावले, तेव्हा होडीतील लोकांनी गर्दीच्या भयाने दोरच कापला. मग जड माल समुद्रात फेकावा लागला. फाहियानने आपला जलकुंभ टाकला. ग्रंथ व मूर्ती जपल्या.

पुढे दुसऱ्या नौकेवर पुन्हा वादळ आले. या श्रमणामुळेच अरिष्ट ओढवले, सबब त्यास बेटावर उतरवावे, असे नौकेवरील ब्राह्मणांनी ठरविले. तेव्हा फाहियानचा आश्रयदाता म्हणाला, की मलाही उतरवा अथवा ठार करा. अन्यथा चीनच्या राजाकडे तक्रार करीन. व्यापारी कचरले आणि भिक्खू वाचला.

वादळाचे कारण माणसात शोधणे ही अविद्या होय. तिला येथे आवर बसला तो राजदंडाच्या भयाने, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१४ च्या लंडन करारात जहाजावरील प्रत्येकासाठी जीवरक्षक होडीत जागा असावी, असे ठरले. मालकांनी परक्या बंदरात सोडून दिलेल्या खलाशांच्या थकीत वेतनाची व घरी परतण्याची आर्थिक हमी मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ पासूनच बंधनकारक झाली. तरीही खलाशी आजही असे सोडले जातात. दोर कापणारे हात अद्याप थांबलेले नाहीत.