यंत्र, फलक आणि शिक्षक : इलिनॉय ते पर्थ

संगणकाद्वारे शिकविण्याचा विषय निघाला की आपल्यापैकी बहुतेकांना २०२० च्या मार्चनंतरचे दिवस आठवतात. तथापि या इतिहासाचा आरंभ त्याच्या साठ वर्षे आधीचा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही प्रणाली उभी केली. खोलीभर पसरलेल्या ‘इलियाक’ संगणकावर तेव्हा एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शके. पडद्यावर प्रश्न उमटे, विद्यार्थी कळा दाबून उत्तर देई आणि ते बरोबर की चूक हे त्याला तेथल्या तेथे कळे. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन तपासणाऱ्या शिक्षकाला या ‘तेथल्या तेथे’चे मोल निराळे सांगावयास नको.

१९७३ मध्ये त्याच प्रणालीवर डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने ‘नोट्स’ नावाचा चर्चाफलक तयार केला. हेतू अगदी साधा, प्रणालीतील दोष कळविण्याचा. पुढे त्या जातीच्या फलकांवर नाना विषयांची चर्चा रंगू लागली. माझ्या मते प्लेटोवरील धड्यांहून ही घटना मोठी. येथे यंत्राच्या आडून माणूस माणसाशी बोलू लागला.

चांगले अध्यापन कशास म्हणावे याची मांडणी मात्र स्वतंत्रपणे झाली. आर्थर चिकरिंग आणि झेल्डा गॅमसन यांनी १९८७ मध्ये सात तत्त्वे सांगितली. शिक्षक-विद्यार्थी संपर्क, विद्यार्थ्यांचे परस्परसहकार्य, त्वरित अभिप्राय ही त्यांपैकी तीन. सातांपैकी एकातही संगणक नाही. १९९६ मध्ये चिकरिंग यांनीच स्टीफन एरमन यांच्यासह, कोणते साधन कोणत्या तत्त्वाच्या उपयोगी पडेल, हा विचार केला. साधनाला त्यांनी तरफ म्हटले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो : आधी तत्त्व, मग साधन.

२००२ च्या ऑगस्टमध्ये पर्थच्या मार्टिन डुगियामस यांनी ‘मूडल’ची पहिली आवृत्ती सर्वांना विनामूल्य खुली केली. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढलेल्या या गृहस्थांचे शालेय शिक्षण नभोवाणीवरून झाले होते. दुसऱ्यांसाठी काही घडविताना माणूस उत्तम शिकतो, ही त्यांची धारणा. म्हणूनच मूडलमध्ये चर्चा, सामूहिक शब्दकोश, परस्पर-मूल्यमापन यांची सोय आहे.

एका महाविद्यालयाचे मूडल मला पाहावयास मिळाले. टिपणांच्या फायली पन्नासाहून अधिक होत्या. चर्चाफलकावर एकच ओळ होती, ‘सर, तिसऱ्या प्रकरणातील उदाहरण समजले नाही’, आणि तिला चार महिने उत्तर नव्हते. त्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण वेळापत्रकात फलकावर उत्तरे लिहिण्याचा तास कोणी धरला होता? आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’च्या रचनेत चित्रफीत, वाचनसामग्री आणि स्वयंमूल्यमापन यांच्या जोडीला शंकानिरसनाची चर्चा हे चौथे अंग आहे. पहिली तीन अंगे एकदा तयार केली की वर्षानुवर्षे चालतात. चौथ्यासाठी दर आठवड्याला कोणा शिक्षकाला बसावे लागते.