तंजावरच्या राजवाड्यातील लोकविद्या

तंजावरच्या लहान कोटात, शिवगंगा बागेलगत, एक जुने ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. १७७९ मध्ये बांधलेल्या या मंदिरात शुभ्र संगमरवराचा एक शिल्पपट बसविलेला आहे. एक वृद्ध धर्मोपदेशक मृत्युशय्येवर पडला आहे, शय्येभोवती मुले उभी आहेत आणि एक तरुण राजा त्या वृद्धाचा हात हाती घेऊन त्याच्याकडे पाहत आहे. वृद्ध म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले. शिल्प घडविले ते लंडनचे विख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी आणि घडवून घेतले ते स्वतः सरफोजीराजांनी. तेथून थोड्याच अंतरावर राजवाडा आहे. त्याच्या दरबारमहालात फ्लॅक्समन यांनीच घडविलेला सरफोजींचा पूर्णाकृती पुतळा हात जोडून उभा आहे.

शिष्याने गुरूचे स्मारक उभारावे यात नवल ते काय? पण या शिष्याची कहाणी निराळी आहे. राज्य चालविण्याची विद्या त्याने मोठ्या कष्टाने मिळविली आणि ती मिळून पुरते वर्ष-दीड वर्ष होते न होते तोच चालविण्यासारखे राज्यच त्याच्या हाती उरले नाही. राज्यावाचून राहिलेल्या या राजविद्येचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ भोसले कुळाच्या इतिहासाचा नाही. तरुणांना लोककारभाराचे शिक्षण कोणी द्यावे, कशासाठी द्यावे आणि त्यात लोकांचा स्वतःचा आवाज कोठे असावा, या आजही न सुटलेल्या प्रश्नाशी तो जाऊन भिडतो.

शिवछत्रपतींचे सावत्रबंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरला मराठी राज्य स्थापिले. नायक राजांनी बांधलेला राजवाडा त्यांच्या हाती आला. पुढे शंभरावर वर्षांनी, १७८७ मध्ये, तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतले व त्यांना श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. तुळजाराजांच्या मागे त्यांचे बंधू अमरसिंह गादीवर बसले. त्यांच्या अमलात या मुलाची आबाळ झाली. त्याच्या शिक्षणाचीही हेळसांड झाली. अखेर श्वार्ट्झ यांच्या खटपटीने १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले व तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचा अभ्यास झाला. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले; त्याच वर्षी जूनमध्ये सरफोजी गादीवर आले. आणि २५ ऑक्टोबर १७९९ रोजी त्यांना ईस्ट इंडिया कंपनीशी तह करावा लागला. मुलखाचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, सालीना एक लक्ष पॅगोडांची नेमणूक आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा.

अशा प्रसंगी पुष्कळ राजे शिकारीत आणि ख्यालीखुशालीत बुडून गेल्याचे इतिहास सांगतो. सरफोजींनी राजवाड्याचीच शाळा केली. तिचे नाव नवविद्याकलानिधिशाळा. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी या भाषा तेथे शिकविल्या जात. १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापले जात होते. त्याच सुमारास तंजावरच्या राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय उभे राहिले आणि इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर त्यातून छापून निघाले. पुण्यात सरकारी पाठशाळा निघाली ती १८२१ मध्ये. याचा अर्थ असा, की मुलांसाठी मराठी पुस्तक छापण्याचा विचार कावेरीकाठी मुळामुठेच्या आधी झाला. धन्वंतरी महालात वैद्यक, सरस्वती महालात ग्रंथसंग्रह, असे एकेक दालन विद्येला वाहिले गेले. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नृत्यनाट्य रचले, त्याचा विषय जगाचा भूगोल. कुरवंजी म्हणजे कुरव जातीच्या, भविष्य सांगणाऱ्या स्त्रीच्या तोंडी घातलेले दक्षिणेतील लोकप्रिय नाट्य. खंड, देश, समुद्र यांची माहिती तिच्या मुखाने प्रेक्षकांपुढे यावी, ही कल्पना ज्याला सुचली त्याला शिक्षणाचे मर्म कळले होते, यात संशय नाही.

परंतु लोककारभाराच्या दृष्टीने सरफोजींचे सर्वांत बोलके कृत्य या महालांत नाही. ते एका पत्रात आहे. तंजावर मुलखातून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटांवर राजघराण्याने ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. तहानंतर मुलूख कंपनीचा झाला. मग या छत्रांना लावून दिलेल्या गावांचे काय, असा प्रश्न उभा राहिला. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून या छत्रांची व्यवस्था सविस्तर वर्णन केली. वाटसरूंना अन्न मिळते, आजाऱ्यांना वैद्य व औषध मिळते. परस्थ मनुष्य छत्रात मरण पावला आणि त्याची मुले मागे राहिली, तर ती पंतोजीच्या स्वाधीन केली जातात. त्यांना अन्नवस्त्र दिले जाते, त्यांचा कल ज्या विद्येकडे असेल ती शिकविली जाते आणि पुढे त्यांच्या विवाहाचा खर्चही छत्रातून होतो. राजांचे मागणे एवढेच, की हे धर्मकार्य खंडित होऊ नये.

या पत्राचे महत्त्व दुहेरी आहे. अनाथाचे शिक्षण ही राज्याची जबाबदारी होय, हे त्यात गृहीत धरले आहे. आणि ज्याच्या हाती हुकूम करण्याची सत्ता नाही त्याने सत्ताधाऱ्याला वस्तुस्थिती, खर्च व हेतू समजावून द्यावा, पटवावे, हा मार्ग त्यात अवलंबिला आहे. सार्वजनिक धोरणाची चर्चा म्हणतात ती यापेक्षा फारशी वेगळी नसते. छत्रांचा कारभार पुढे राजघराण्याकडेच राहिला. १८०२ मध्ये ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र स्थापन झाले. तेथेही अन्नदानाच्या जोडीला विद्यादान होतेच.

तथापि या व्यवस्थेचे उणेपणही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. राजवाड्यातील विद्या हे दान होते; हक्क नव्हता. दाता उदार होता म्हणून शाळा चालली. काय शिकवावे, कोणाला शिकवावे, खर्च किती करावा, या गोष्टींत रयतेला बोलण्याची जागा नव्हती. दात्याचा वंश खुंटला की दानाचे भवितव्य काय, याचे उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

ते उत्तर मागण्याची वेळ फार लांब नव्हती. सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. वर्षभरात राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही सरकारी मोहरा लागल्या. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. राज्याने राज्य म्हणून केलेली ती कृती होती; ती न्याय्य होती की अन्याय्य, हे ठरविण्याचा अधिकार न्यायालयाला नाही, असे त्या निर्णयाचे सार. पुढे १८६२ मध्ये सरकारने ही मालमत्ता राजघराण्याला परत दिली. पण निर्णय राहिला. राज्याच्या अमर्याद कृतीचे उदाहरण म्हणून तंजावरच्या या खटल्याचा उल्लेख कायद्याच्या ग्रंथांतून आजवर होत आला आहे. सत्तेला प्रश्न विचारण्याचा हक्क कोठे संपतो, याचा पाठ या राजवाड्याने स्वतःच्या अनुभवाने दिला.

मात्र तोवर या भूमीतील तरुण दुसऱ्या एका शाळेत पोहोचले होते. १८३९ मध्ये मद्रासच्या सुमारे सत्तर हजार रहिवाशांनी सह्या करून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्याकडे उच्च शिक्षणाची मागणी केली. येथे विद्या दान म्हणून नव्हे, तर अर्ज करून मागितली गेली, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. त्यातून १८४१ मध्ये हायस्कूल निघाले. मद्रासचे ॲडव्होकेट जनरल जॉर्ज नॉर्टन हे या चळवळीचे पाठीराखे. हिंदी तरुणांना उद्देशून राज्यशासनाच्या तत्त्वांवर त्यांनी केलेले विवेचन त्याच वर्षी ग्रंथरूपाने बाहेर आले. त्या हायस्कुलाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत एक मुलगा कुंभकोणचा होता. तंजावर प्रांतातील मराठी कारभारी कुळात १८२८ मध्ये जन्मलेला हा मुलगा म्हणजे पुढचे राजा सर टी. माधवराव.

माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे तेथील दिवाण. त्यांच्या कारकीर्दीत मक्ते उठले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना त्या जमिनींवर मालकीचा हक्क मिळाला. इंदूरनंतर ते १८७५ मध्ये बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्यापुढे पुन्हा एक विद्यार्थी होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा, बारा वर्षांपर्यंत अक्षरओळखही नसलेला, दत्तक घेतलेला मुलगा, म्हणजे सयाजीराव गायकवाड. १८८१ मध्ये, सयाजीरावांना अधिकार मिळण्यापूर्वी, माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. लोकांचे सुख हे राज्याचे पहिले प्रयोजन. राजाही कायद्याने बांधलेला. न्यायाच्या कामात त्याने ढवळाढवळ करू नये. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा असावी. असा त्यांचा रोख होता. शिष्याने त्यांतले काय घेतले, हे पुढे दिसले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. ओरत्तनाडूच्या छत्रातील पंतोजीपुढे बसलेल्या अनाथ मुलाला जे दयेने मिळत होते, ते आता प्रत्येक मुलाला कायद्याने मिळू लागले. स्वतः माधवराव १८८७ मध्ये मद्रासच्या राष्ट्रीय सभेचे स्वागताध्यक्ष होते. दिवाणगिरी संपल्यावर एक कारभारी नागरिकांच्या सभेत येऊन उभा राहिला, ही घटनाही अर्थपूर्ण आहे.

तंजावर आणि महाराष्ट्र यांचा हा दुवा येथेच तुटत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारतसेवक समाज स्थापिला. नव्या सभासदाने पाच वर्षे उमेदवारी करावी, देशाच्या प्रश्नांचा अभ्यास करावा आणि मगच बोलावे, असा तेथील दंडक. १९१५ मध्ये गोखल्यांच्या मागे त्या समाजाची धुरा ज्यांच्याकडे आली ते श्रीनिवास शास्त्री तंजावर जिल्ह्यातील वलंगैमान गावचे. याच समाजाच्या आवारात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने शेती, मजुरी, नगरे यांची पाहणी करण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावली.

इकडे तंजावर जिल्ह्यात जुन्या दानाचा प्रश्न अजून जिवंत होता. छत्रांचा निधी राजघराण्याकडून सरकारकडे आणि तेथून स्थानिक बोर्डाकडे गेला होता. त्या निधीतून तिरुवैयारू येथे १८८१ मध्ये संस्कृत पाठशाळा निघाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ए. टी. पन्नीरसेल्वम जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष असताना, राजांनी दिलेले हे धन एकाच विद्येसाठी आणि एकाच वर्गासाठी का, असा प्रश्न पुढे आला आणि त्या महाविद्यालयात तमिळचे शिक्षण सुरू झाले. धन मराठी राजांचे, विचार करणारे तमिळ लोकप्रतिनिधी आणि लाभ नव्या विद्यार्थ्यांचा. सरफोजींच्या व्यवस्थेत जी उणीव होती, ती सव्वाशे वर्षांनी अशी अंशतः भरून निघाली. दानाला हिशेब विचारणारे कोणी असले, तरच ते लोकांचे होते.

राजवाड्यातील सरस्वती महाल १९१८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय झाला. भोसल्यांच्या दप्तरातील मोडी कागदांवर १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने काम केले आणि त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. या कागदांत लढायांची वर्णने थोडी. छत्रांचे तांदूळ, वैद्यांचे पगार, पंतोजींच्या नेमणुका, पुस्तकांच्या किमती यांचे हिशेब पुष्कळ. मोडीची गाठोडी सोडून जो विद्यार्थी ओळीओळीने ते वाचील, त्याला एवढे दिसेल, की दोनशे वर्षांपूर्वी एका राज्यहीन राजाच्या कचेरीत परक्या वाटसरूच्या मुलाच्या जेवणाचा आणि शिकवणीचा खर्च नीट लिहून ठेवलेला होता. तो खर्च आज कोणाच्या वहीत पडतो, हे विचारणे मात्र त्या विद्यार्थ्याचे काम आहे.