मानवी अक्षीय कंकाल : अभ्यासाचा इतिहास

माणसाच्या सांगाड्याच्या मध्यवर्ती भागास अक्षीय कंकाल म्हणतात. कवटी (करोटी), पाठीचा कणा (कशेरुक दंड) आणि छातीचा पिंजरा (वक्षपंजर) हे त्याचे मुख्य घटक होत. प्रौढ माणसाच्या शरीरातील २०६ हाडांपैकी ८० हाडे या भागात असतात. कवटीत मेंदूला वेढणारी ८ व चेहऱ्याची १४ अशी एकूण २२ हाडे असतात. दोन्ही कानांच्या आतील ६ लहान हाडे आणि जिभेच्या मुळाशी असलेले एक हाड ही वेगळी मोजतात. कण्यात बालपणी ३३ मणके असतात : मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ व माकडहाडाचे साधारणतः ४. वाढीबरोबर शेवटच्या दोन गटांतील मणके परस्परांना जुळून त्यांचे एकेक हाड बनते व प्रौढाच्या कण्यात २६ हाडे उरतात. वक्षपंजर बरगड्यांच्या १२ जोड्या व उरोस्थी यांचा बनलेला असतो. बरगड्यांच्या वरच्या सात जोड्या स्वतःच्या कूर्चेने उरोस्थीला जोडलेल्या असतात, पुढील तीन जोड्या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला मिळतात आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूस मोकळ्या राहतात.

हे आकडे आज सर्वमान्य असले, तरी ते निश्चित होण्यास दीर्घ काळ लागला. कशाला एक हाड म्हणावे आणि हाडांकडून काय जाणून घ्यावे, याविषयीच्या कल्पना काळानुसार बदलत गेल्या. या बदलाचे काही महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात व मराठी अभ्यासकांच्या कार्यात आढळतात.

प्राचीन गणना : चरकसंहितेत हाडांची संख्या ३६०, तर सुश्रुतसंहितेत ३०० दिली आहे. चरकाच्या गणनेत ३२ दात, त्यांची ३२ उखळे व २० नखे यांचाही समावेश आहे. सुश्रुताने नखे व उखळे वगळली. मात्र नाक, कान इ. ठिकाणच्या कूर्चांना ‘तरुण’ अस्थी मानून त्याने गणनेत घेतले. कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे हाडांचे पाच प्रकार त्याने सांगितले असून पार्श्व, पाठ व छाती येथील हाडांना तो वलय म्हणतो.

या आकड्यांतील तफावत निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. चरक बरगड्या २४ सांगतो. पण त्यांच्या मागील टोकांच्या जोडणीची २४ स्थालके व २४ अर्बुदे स्वतंत्र धरल्यामुळे त्याची बेरीज ७२ होते. सुश्रुत प्रत्येक बाजूस ३६ हाडे सांगतो, म्हणजे त्याचीही बेरीज तीच येते. बरगड्यांची मूळ संख्या दोघांच्याही गणनेत बरोबर असून फरक आहे तो एकक ठरविण्यात. पाठीच्या कण्याबाबत मात्र दोघांत मेळ नाही. चरक पाठीत ४५ व मानेत १५, तर सुश्रुत पाठीत ३० व मानेत ९ हाडे मोजतो. रूडॉल्फ हर्न्ले या प्राच्यविद्यापंडिताने १९०७ मध्ये या गणनांची आधुनिक शारीराशी तपशीलवार तुलना केली.

सुश्रुताने मृत शरीराच्या परीक्षणाची रीतही सांगितली आहे. शव गवताने वेढून व पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री भिजवावे आणि नंतर वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंच्यांनी हळूहळू घासून एकेक थर डोळ्यांनी पहावा, असे तो म्हणतो. पुढील काळात ही प्रथा मागे पडली आणि आकडे ग्रंथांतून ग्रंथांत उतरत राहिले. याज्ञवल्क्यस्मृतीत ३६० ही संख्या आढळते.

संगीतरत्नाकरातील शारीर : या परंपरेचे एक लक्षणीय उदाहरण देवगिरी (दौलताबाद) येथील आहे. कोल्हापूर परिसरात, जोतिबाच्या डोंगरानजीकच्या पन्हाळ्यावर सत्ता असलेल्या दुसऱ्या भोज शिलाहाराचा यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकाच्या आरंभी पराभव केला. त्याच सिंघणाच्या आश्रयास शार्ङ्गदेव होता. त्याच्या संगीतरत्नाकर या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात गर्भाची उत्पत्ती व शरीररचना यांचे वर्णन येते. नाद शरीरातून उत्पन्न होतो, म्हणून आधी शरीर जाणावे, अशी त्यामागील भूमिका आहे. शार्ङ्गदेव हाडांची संख्या ३६० देतो व धन्वंतरीच्या मते ती ३०० असल्याचेही नोंदवितो. दोन्ही मते जतन झाली. परंतु प्रत्यक्ष शरीर पाहून त्यांतील एकाची निवड करण्याचे साधन उपलब्ध नव्हते.

विच्छेदनाचा काळ : यूरोपातही गेलेनच्या ग्रंथांचा अधिकार शतकानुशतके टिकून होता. त्याचे वर्णन बव्हंशी प्राण्यांच्या, विशेषतः माकडांच्या विच्छेदनावर आधारलेले होते. आंद्रेआस विसेलिअस याने १५४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मानवी उरोस्थी सात नव्हे, तर तीन भागांची असते व खालचा जबडा एकाच हाडाचा असतो, हे दाखवून दिले. पुरुषाला एक बरगडी कमी असते, हा समजही त्याने खोडून काढला.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि महाराष्ट्रात शवविच्छेदनावर आधारलेले पद्धतशीर शिक्षण रुजले. भाऊ दाजी लाड हे तेथील १८५१ मधील पहिल्या पदवीधरांपैकी एक होत. शवाला स्पर्श करण्याविषयीचे सामाजिक निर्बंध लक्षात घेता त्या काळी या शिक्षणास सामोरे जाणे ही साधी गोष्ट नव्हती. १८६१ पासून तेथे मराठी व गुजराती माध्यमांचे वर्गही चालविण्यात आले. शिक्षणासाठी बेवारस शवे मिळण्याची व्यवस्था १९४९ च्या मुंबई शारीर अधिनियमाने केली. पुढे देहदानामुळे तीत स्वेच्छेने दिलेल्या देहांची भर पडली.

कवटीचे मोजमाप : हाडांची संख्या निश्चित झाल्यावर मोजमापाला महत्त्व आले. एकोणिसाव्या शतकात कवटीची लांबी, रुंदी व आकार यांवरून मानववंशांची प्रतवारी लावण्याचे प्रयत्न झाले. कणा व बरगड्या यांच्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले, कारण बुद्धी व वंश यांची खूण कवटीतच सापडेल अशी अपेक्षा होती.

इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी मानवी कवटीच्या असममितीचा, म्हणजे तिच्या उजव्या व डाव्या बाजूंतील फरकाचा, अभ्यास केला. गोऱ्या यूरोपीयांच्या कवटीतील असममिती अधिक असून ती त्यांच्या श्रेष्ठ तर्कशक्तीची निदर्शक आहे, असा फिशर यांचा कयास होता. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या. असममिती सर्वत्र आढळते व तिचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध मांडला. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. दोनच वर्षांनी जर्मनीत नाझी राजवट आली आणि फिशर यांचे वंशविषयक विचार तिच्या धोरणास उपयोगी पडले. ही पार्श्वभूमी पाहता कर्वे यांच्या निष्कर्षाचे मोल केवळ शास्त्रीय राहत नाही.

१९३९ मध्ये कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात भाग घेतला. तेथे मिळालेल्या मानवी अवशेषांविषयी त्यांनी शारीरतज्ञ कुरूलकर यांच्यासह लिहिलेले विवेचन १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

उत्खननातील सांगाडे : पुढे नेवासे, चांडोली, दायमाबाद व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत अनेक दफने उजेडात आली. घोड नदीकाठच्या इनामगावचे (जि. पुणे) उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. इ. स. पू. सु. १६०० ते ७०० या काळातील या वस्तीत लहान मुलांना तोंडास तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत. प्रौढांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले आढळतात.

पुरलेल्या सांगाड्यात दात व कवटीचे जाड भाग अधिक टिकतात. मणके आतून सच्छिद्र व बरगड्या पातळ असल्याने मातीच्या दाबाखाली त्या लवकर मोडतात. अभ्यासाचा भर दीर्घकाळ कवटीवर राहण्याचे हेही एक कारण होय. बालकांच्या बाबतीत मात्र न जुळलेली हाडेच उपयोगी ठरतात. जन्मतः प्रत्येक मणका सामान्यतः तीन तुकड्यांत असतो व ते पहिल्या काही वर्षांत ठराविक क्रमाने जुळतात. टाळू दीड-दोन वर्षांत भरते. त्यामुळे मूल कोणत्या वयात दगावले, याचा अंदाज बांधता येतो.

नेवाशाच्या अवशेषांवर सोफी एऱ्हार्ट यांनी व पुढे केनेथ केनेडी आणि कैलाश मल्होत्रा यांनी काम केले. जॉन ल्यूकाक्स व सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये इनामगावच्या सांगाड्यांचा केलेला अभ्यास व्यक्तीचे आयुष्य हाडांतून वाचण्याच्या दृष्टीने केलेला होता. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मधील ग्रंथात या वसाहतींतील बालकांच्या अस्थी तपासून उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. सु. १०००–७००) मुलांची वाढ खुंटल्याचे दाखविले. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या या मुलांच्या हाडांत तत्कालीन उपासमारीची नोंद राहिली आहे.

अशा रीतीने गणना, मोजमाप व जीवनवृत्ताचे वाचन या क्रमाने या अभ्यासाची वाटचाल झाली. आधीच्या टप्प्यांतील निरीक्षणे नंतरच्या अभ्यासाला आधारभूत ठरली. कवटीवरून माणसांची श्रेष्ठकनिष्ठता ठरविण्याचा हेतू मात्र पुराव्यापुढे टिकला नाही.