यकृताचे पांच खंड

सोळाव्या शतकापर्यंत युरोपांतील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना मनुष्याचें यकृत पांच खंडांचें असतें असें शिकवीत. या शिकवणुकीमागें दुसऱ्या शतकांतील ग्रीक वैद्य गॅलेन याच्या नांवाचें वजन होतें. गॅलेन हाडाचा संशोधक. परंतु रोमन राज्यांत मनुष्याचें प्रेत फाडण्याची मोकळीक नव्हती, म्हणून त्याचा अभ्यास माकडें, डुकरें इत्यादि प्राण्यांवर झाला. कुत्र्यामाकडांचें यकृत खोल खांचांनीं अनेक खंडांत विभागलेलें असतें; मनुष्याचें तसें नसतें. पण ग्रंथ पडला गॅलेनचा! समोरच्या प्रेतांत पांच खंड दिसले नाहींत, तर दोष प्रेताचा, ग्रंथाचा नव्हे.

पादुआ येथील अध्यापक व्हेसालियस याची हकीकत मोठी मौजेची आहे. १५३८ सालीं त्यानें व्हेनिस येथें शरीररचनेचीं सहा चित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्याचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें. त्या चित्रांतील यकृत पांच खंडांचेंच आहे. स्वतःच्या हातानें शवच्छेदन करणाऱ्या पुरुषानेंही डोळ्यांपेक्षां पोथीवर विश्वास ठेवावा, हें नवल! पांच वर्षांनीं, १५४३ मध्यें, बाझल येथें छापलेल्या त्याच्या महाग्रंथांत मात्र ते पांच खंड नाहींत.

पांच खंड गेले, तरी सर्व माणसांचें यकृत एकाच सांच्यांतून निघत नाहीं. १८८८ मध्यें जर्मन शस्त्रवैद्य रीडेल यानें उजव्या खंडापासून पित्ताशयाजवळ खालीं लोंबणाऱ्या, जिभेच्या आकाराच्या भागाचें वर्णन केलें. पोट चांचपतांना तो हातास लागला म्हणजे एखाद्या गांठीची किंवा खालीं सरकलेल्या मूत्रपिंडाची शंका येते, आणि अजाण वैद्य निरोगी अवयवावर शस्त्र धरावयाचा!

याहून धोक्याचे भेद रक्तवाहिन्यांत असतात. फिलाडेल्फियाचे मिशेल्स यांनीं २०० प्रेतांच्या तपासणीवरून १९६६ मध्यें दाखविलें कीं, यकृताच्या रोहिण्यांची पुस्तकी रचना सुमारें ५५ टक्के माणसांतच आढळते. बाकीच्यांत एखादी रोहिणी जठराच्या रोहिणीपासून, तर एखादी आंतड्याच्या मोठ्या रोहिणीपासून फुटते. जठरावर शस्त्रक्रिया करतांना अशी आडवाटेची रोहिणी नकळत बांधली गेली, आणि यकृताच्या डाव्या भागास तीच एकटी रक्त पुरवीत असली, तर तो भाग उपाशी पडतो. म्हणून हल्लीं यकृताचा भाग दुसऱ्यास देऊं करणाऱ्या दात्याच्या रक्तवाहिन्यांचा व पित्तनलिकांचा नकाशा अगोदरच काढून घेतात, आणि रचना अडचणीची दिसल्यास त्या दात्यास परत पाठवितात.