व्यायामाने वजन खरेच घटते का?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात व्यायामशाळांमध्ये गर्दी उसळते. मुंबईत शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती, पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर, ठाण्यात तलावपाळीवर पहाटे चालणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसते. महिना-दीड महिना उलटला की ही गर्दी ओसरू लागते. रोज घाम गाळूनही वजनाचा काटा जागचा हलत नाही, म्हणून अनेक जण व्यायामाला रामराम ठोकतात.

व्यायामाने वजन घटते का, या प्रश्नाचा शोध संशोधक गेली सुमारे सात दशके घेत आहेत. त्यातून हाती आलेले उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असे नाही. केवळ व्यायामाने घटणारे वजन बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी असते. मात्र, आहार सांभाळून कमी केलेले वजन पुन्हा वाढू न देण्यात आणि वजन फारसे न घटताही मधुमेहासारखे आजार दूर ठेवण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे केवळ काट्याच्या कौलावर व्यायाम बंद करणे तोट्याचे ठरते.

शरीराचा जमाखर्च

आपण खातो त्या अन्नातून शरीराला ऊर्जा मिळते. ती उष्मांकांमध्ये, म्हणजेच कॅलरींमध्ये मोजतात. बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तीच्या रोजच्या खर्चातील सुमारे ६० ते ७० टक्के उष्मांक हृदय, मेंदू, यकृत, श्वसन आदी मूलभूत कामांवरच खर्ची पडतात. सुमारे १० टक्के अन्न पचविण्यासाठी लागतात. उरलेला भाग हालचालींचा. त्यात उठणे-बसणे, जिने चढणे, घरकाम हे सारे आले. ठरवून केलेला व्यायाम हा त्यातील एक लहानसा हिस्सा होय.

हा हिशेब आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. ७० किलो वजनाची व्यक्ती ताशी पाच किलोमीटर वेगाने एक तास चालली, तर नुसते बसून राहण्याच्या तुलनेत साधारण १७० उष्मांक जादा खर्च होतात. एका वडापावातून मिळणारे उष्मांक सर्वसाधारणपणे २५० ते ३०० असतात. म्हणजे एक वडापाव 'फेडण्यासाठी' दीड ते पावणेदोन तास चालावे लागते. शरीरातील एक किलो मेदात सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात, असे ढोबळमानाने मानले जाते. महिनाभर एकही दिवस न चुकता तासभर चालल्यास कागदावर घट दिसते ती साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. तीही आहार तेवढाच राहिला तर. दुसरीकडे, रोजच्या फोडणीतून मोठा चमचाभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेल कमी केले, तर सुमारे १२० उष्मांक वाचतात आणि त्यासाठी वेगळा वेळही काढावा लागत नाही.

चाचण्या काय सांगतात?

कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात कितपत उतरतो, हे अमेरिकेत झालेल्या दोन चाचण्यांवरून समजते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रजोनिवृत्ती झालेल्या, बैठ्या जीवनशैलीच्या आणि वजन अधिक असलेल्या ४६४ महिलांचा समावेश होता. त्यांचे चार गट करण्यात आले. एका गटाला व्यायाम देण्यात आला नाही. उरलेल्या तीन गटांनी आठवड्याला सरासरी ७२, १३६ आणि १९४ मिनिटे व्यायाम केला. सहा महिन्यांनंतर व्यायाम न करणाऱ्या गटाचे वजन सरासरी ०.९ किलोने घटले होते. व्यायाम करणाऱ्या गटांमधील घट अनुक्रमे १.४, २.१ आणि १.५ किलो होती. सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या महिलांना त्या प्रमाणात लाभ झाला नव्हता. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांमध्ये कमरेचा घेर मात्र कमी झाला. याच चाचणीतील ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीचे चित्र निराळे आहे. तीत वजन अधिक असलेल्या तरुण-तरुणींकडून आठवड्यातून पाच दिवस, दहा महिने देखरेखीखाली व्यायाम करून घेण्यात आला. प्रत्येक वेळी ४०० उष्मांक खर्च करणाऱ्यांचे वजन सरासरी ३.९ किलोने, तर ६०० उष्मांक खर्च करणाऱ्यांचे ५.२ किलोने घटले. आहारावर कोणतेही बंधन नव्हते. याचा अर्थ, निव्वळ व्यायामानेही वजन घटू शकते. मात्र त्यासाठी लागणारे सातत्य आणि श्रम बहुतेकांच्या दैनंदिन फिरण्यापेक्षा खूप अधिक आहेत. शिवाय ही सरासरी आहे. त्याच व्यायामाने काहींचे वजन बरेच घटले, तर काहींचे जेमतेम.

घाम गाळूनही काटा का हलत नाही?

याचे पहिले कारण म्हणजे भूक. व्यायामानंतर काहींची भूक वाढते. 'आज तासभर चाललो, आता एक जिलेबी चालेल' या समजुतीने केलेला खर्च काही मिनिटांत भरून निघतो. दुसरे कारण म्हणजे उरलेल्या दिवसातील आळस. सकाळी व्यायामशाळेत जाणारी व्यक्ती दिवसभर खुर्चीतून उठत नसेल आणि दुसऱ्या मजल्यासाठीही लिफ्टच वापरत असेल, तर एकूण हालचाल फारशी वाढत नाही.

तिसरे कारण शरीराच्या काटकसरीचे आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातील हाड्झा या शिकारी व कंदमुळे गोळा करणाऱ्या जमातीचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड्झा पुरुष दिवसाला सरासरी ११ किलोमीटरहून अधिक, तर स्त्रिया जवळपास सहा किलोमीटर चालतात. असे असूनही, शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा दिवसभराचा एकूण ऊर्जाव्यय पाश्चात्त्य देशांतील बैठ्या नागरिकांइतकाच निघाला. श्रम वाढले की शरीर अन्य कामांवरील ऊर्जेत कपात करून एकूण खर्च मर्यादेत ठेवते, असे प्रारूप पाँट्झर यांनी त्यावरून मांडले. ही भरपाई नेमकी किती होते, याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. व्यायामात खर्च झालेला प्रत्येक उष्मांक वजनातून वजा होतो, असे मात्र आता सहसा मानले जात नाही.

कोलकात्याजवळच्या गिरणीचा धडा

मग व्यायामाचा वजनाशी संबंधच नाही का? तसेही नाही. या विषयावरील एक गाजलेला अभ्यास भारतातच झाला. पोषणशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ज्यूट गिरणीशी संबंधित २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि श्रम यांची पाहणी केली व १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत दिवसभर गल्ल्यावर बसणारे दुकानदार आणि कारकून होते, तसेच जड ओझी वाहणारे कामगारही होते.

हलक्या श्रमापासून जड श्रमापर्यंत काम वाढत गेले तसा आहारही वाढला. वजन मात्र जवळपास तेवढेच राहिले. याला अपवाद होता अगदी बैठे काम करणाऱ्यांचा. त्यांचा आहार अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांच्या तोडीचा आणि वजन सर्वांत जास्त होते. किमान हालचाल नसेल, तर भुकेचे गणितच बिघडते, असा निष्कर्ष मेयर यांनी काढला. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही वजन वाढू न देण्यासाठी थोडी का होईना, नियमित हालचाल हवी, या विचाराला या अभ्यासाने बळ दिले.

घटलेले वजन टिकविण्यासाठी

वजन कमी करण्यापेक्षा ते कमी राखणे कठीण, हा अनेकांचा अनुभव आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका राष्ट्रीय नोंदवहीत किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर टिकविणाऱ्यांची माहिती गोळा केली जाते. त्यातील सुमारे ९० टक्के व्यक्ती दररोज सरासरी तासभर व्यायाम करतात, असे आढळले. या व्यक्ती स्वतःहून नोंदणी करणाऱ्या असल्याने हा निष्कर्ष सरसकट सर्वांना लागू होईल असे नाही; पण प्रत्यक्ष चाचण्याही त्याच दिशेला बोट दाखवतात.

डेन्मार्कमधील एका चाचणीत १९५ जणांनी आठ आठवड्यांच्या अल्पउष्मांकी आहाराने सरासरी १३ किलो वजन घटविले. त्यानंतरच्या वर्षभरात काहींना व्यायाम, काहींना लिराग्लुटाइड हे औषध, काहींना दोन्ही, तर काहींना औषधाविना नुसते इंजेक्शन देण्यात आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार, नुसते इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे वजन ४.१ किलोने, औषध घेणाऱ्यांचे ६.८ किलोने आणि दोन्ही करणाऱ्यांचे ९.५ किलोने कमी राहिले. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. त्या पार्श्वभूमीवर हा निकाल महत्त्वाचा आहे. वजन झपाट्याने घटते तेव्हा मेदाबरोबर स्नायूही झिजतात. ही झीज रोखण्यासाठी पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम आवश्यक ठरतो.

'बारीक' भारतीयांचा प्रश्न

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा अधिकच फसवा आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनमधील प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच 'बीएमआय', दोघांचाही २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के होते, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि मेद अधिक, अशी ही भारतीय ठेवण आहे. त्यामुळेच भारतीयांसाठी २३ च्या पुढील 'बीएमआय' जादा वजनाचा आणि २५ पासून पुढचा स्थूलतेचा मानला जातो. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, तर महिलांसाठी ८० सेंटिमीटर आहे.

व्यायाम याच ठिकाणी कामी येतो. नियमित व्यायामाने स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने वापरू लागतात आणि पोटातील अवयवांभोवती साचलेला घातक मेद कमी होतो. स्नायू राखले जाऊन मेद घटला, तर काटा तेवढाच राहूनही प्रकृतीत फरक पडलेला असतो. कमरेचा घेर कमी झाल्याची वर उल्लेखिलेली नोंद याच बदलाची खूण आहे.

याचा सबळ पुरावा चेन्नईतून मिळाला. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांची तीन वर्षे पाहणी केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के जणांना मधुमेह जडला. आहार आणि नियमित चालणे यांवर भर दिलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. विशेष म्हणजे, या गटाचे वजन लक्षणीयरीत्या घटले नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडियाब' पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असून, आणखी १३ कोटी ६० लाख जण मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या दृष्टीने चेन्नईच्या या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

किती आणि कोणता व्यायाम?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, अशी गती मध्यम समजावी. याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. जोर-बैठका, जिने चढणे किंवा घरच्या घरी वजन उचलणेही चालते. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गुडघेदुखी किंवा मधुमेहाची औषधे सुरू असलेल्यांनी प्रारंभीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर किंवा असह्य धाप जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

समज आणि वस्तुस्थिती

* पोटाचे व्यायाम केले की फक्त पोट कमी होते : त्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात. मेद मात्र संपूर्ण शरीरातून कमी होतो. तो कोठून आधी जाईल, हे आपल्या हाती नसते.

* जास्त घाम म्हणजे जास्त मेद जळला : घामावाटे पाणी जाते. पट्टे बांधून किंवा जाड कपडे घालून घटलेले वजन पाणी पिताच परत येते.

* रोज व्यायाम करतो, मग काहीही खाल्ले तरी चालते : वजन घटविण्यात आहाराचा वाटा मोठा आहे. तेल, साखर, तळलेले पदार्थ आणि ताटातील एकूण प्रमाण यांवर लक्ष हवेच.

* वजन घटले नाही, म्हणजे व्यायाम वाया गेला : रक्तदाब, रक्तातील साखर, झोप, दम आणि स्नायूंची ताकद यांत होणारी सुधारणा काट्यावर दिसत नाही.

वजन घटविण्याचा निर्धार केलेल्यांनी आहारातील बदल आणि व्यायाम यांची सुरुवात एकाच वेळी करावी, हे उत्तम. काट्यावर आठवड्यातून एकदा उभे राहणे पुरेसे आहे. त्याच्या जोडीने महिन्यातून एकदा टेपने कमरेचा घेर मोजावा, चार मजले चढताना लागणारी धाप आधीपेक्षा कमी झाली का ते पाहावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने साखर व रक्तदाब तपासत राहावे. काटा स्थिर असला, तरी या नोंदी सुधारत असतील, तर व्यायाम आपले काम करीत आहे असे समजावे आणि तो सुरूच ठेवावा.